वाचवलेल्या कारवानी संकराला कायमचे घर मिळवून देताना

नागपूरहून काटोल, उमरेड किंवा हिंगण्याच्या दिशेने जाताना रस्त्याच्या कडेला कधी कधी एक वेगळ्याच बांध्याचे कुत्रे दिसते. त्याचे तोंड लांब व निमुळते असते, छाती खोल, पोट आत ओढलेले आणि पाय हरणासारखे बारीक असतात. हे बहुधा कारवानी किंवा मुधोळ या शिकारी जातींच्या रक्ताचे, पण गावठी कुत्र्याशी संकर झालेले जनावर असते. इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये ग्रेहाउंड किंवा व्हिपेट या वेगवान शिकारी कुत्र्यांचा मेंढपाळी कुत्र्यांशी अथवा टेरियरशी संकर करून तयार झालेल्या कुत्र्याला लर्चर म्हणतात. आपल्याकडे त्या संकराला वेगळे नाव नाही, परंतु स्वभाव, शरीर आणि अडचणी बऱ्याच अंशी त्याच आहेत. तिथल्या लर्चरप्रमाणेच इथले हे कुत्रेही ससा धरण्यासाठी पाळले जाते आणि पाय मोडला, वय झाले किंवा धाव मंदावली की सोडून दिले जाते. असे कुत्रे आपल्या दारात आल्यावर त्याला खाऊ घालणे सोपे असते. त्याला मरेपर्यंत टिकणारे घर मिळवून देणे हे मात्र सावकाश आणि नेटाने करावयाचे काम आहे, आणि ते कसे करावे हे मी माझ्या घरी राहून गेलेल्या काही कुत्र्यांच्या अनुभवावरून येथे लिहीत आहे. त्यांपैकी झिपरी नावाच्या राठ केसांच्या कुत्रीने मला सर्वांत जास्त शिकवले, म्हणून तिचा उल्लेख पुढे वारंवार येईल.

कुत्रे हरवलेले नाही ना, ही खात्री प्रथम करावी. गळ्यात पट्ट्याचा घासलेला वण असेल तर कोणीतरी त्याला बांधून ठेवत होते एवढेच कळते. त्या माणसाने ते सोडले की ते त्याच्या हातून सुटले, हे कळत नाही. जिथे सापडले त्या वस्तीत, चहाच्या टपरीवर आणि जवळच्या पोलीस ठाण्यात सांगून ठेवावे, आणि पशुवैद्यकाकडे नेल्यावर मायक्रोचिप वाचण्याचे यंत्र असल्यास तेही मानेवरून फिरवून घ्यावे. कोणी हक्क सांगत आले तर जुनी छायाचित्रे किंवा लसीकरणाचे पुस्तक मागण्यात संकोच करू नये. प्राण्याला विनाकारण वाऱ्यावर सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे, आणि शिकारीच्या खुणा स्पष्ट असतील, म्हणजे गळ्यात फासाची तार असेल किंवा अंगावर रानडुकराच्या सुळ्याच्या जखमा असतील, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवणे योग्य ठरते.

आधी शरीर, मग स्वभाव

घर शोधण्याची घाई करण्यापूर्वी कुत्र्याला निदान पाच-सहा आठवडे आपल्या घरात किंवा एखाद्या विश्वासू माणसाकडे तात्पुरते सांभाळावे. या काळात दोन गोष्टी होतात: आजार बाहेर पडतात आणि खरा स्वभाव दिसू लागतो. रेबीजची लस, डिस्टेंपर आणि पार्वो यांपासून संरक्षण देणारी एकत्रित लस आणि जंताचे औषध हे तर कोणत्याही कुत्र्याला द्यावेच लागते. विदर्भात त्याच्या जोडीला गोचीडतापाची रक्ततपासणी अवश्य करून घ्यावी, कारण शेतात राहिलेल्या कुत्र्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड हमखास असते, आणि एर्लिकिया किंवा बबेसिया या रोगांनी ग्रासलेले कुत्रे वरकरणी केवळ मलूल वाटते. शहरात सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे चिकित्सालय आहे. खासगी दवाखान्यात जात असाल तरी एक गोष्ट स्वतःहून सांगावी, ती अशी की हे कुत्रे ग्रेहाउंडच्या घडणीचे आहे. या घडणीच्या कुत्र्यांच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण मुळातच जास्त आणि प्लेटलेट्स कमी असतात, त्यामुळे अहवालातील आकडे इतर कुत्र्यांच्या मापाने वाचल्यास फसगत होऊ शकते.

हीच सूचना नसबंदीच्या वेळी अधिक महत्त्वाची ठरते. अंगावर चरबी जवळजवळ नसल्यामुळे आणि यकृताकडून काही औषधांचा निचरा सावकाश होत असल्यामुळे थायोपेंटोनसारख्या भूलीच्या औषधातून ही कुत्री फार उशिरा शुद्धीवर येतात, त्यामुळे कोणती भूल वापरणार हे पशुवैद्यकांना आधी विचारावे आणि शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला उबदार ठेवण्याची व्यवस्था आहे का, हेही पाहावे. नसबंदी झाल्याशिवाय हे कुत्रे कोणालाही देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

स्वभावाची पारख करताना सर्वांत आधी त्याची नजर समजून घ्यावी लागते. वासावर चालणारे कुत्रे मान खाली घालून माग काढते. हे कुत्रे मात्र दूरवर हललेली वस्तू पाहते आणि त्याच क्षणी सुटते. ग्रेहाउंड ताशी साठ किलोमीटरच्या पुढे धावतो, आणि त्याचे रक्त असलेला संकर थोडा कमी पडला तरी वर्धा रोडवरच्या वाहनांच्या प्रवाहात शिरायला त्याला तीन-चार सेकंद पुरतात. पाठलाग सुरू झाला की हाक ऐकू येणे थांबते. हा हट्ट नाही किंवा शिकवणीतला दोषही नाही. शेकडो पिढ्यांनी त्याला याच कामासाठी घडवले आहे. म्हणून मांजर, कोंबडी, खार, ससा आणि लहान जातीचे कुत्रे यांच्याबाबत तो कसा वागतो हे स्वतः पाहिल्याशिवाय कोणालाही आश्वासन देऊ नये.

मांजराबाबतची पारख अशी करावी: कुत्र्याच्या तोंडाला जाळी आणि दोन्ही बाजूंनी दोरी असावी, मांजराला उंचावर पळायला जागा असावी आणि दोघांत निदान पंधरा-वीस फुटांचे अंतर असावे. कुत्रे मांजराकडे पाहून नंतर तुमच्याकडे पाहत असेल आणि हातातला खाऊ घेत असेल तर आशेला जागा आहे. ते थिजून उभे राहिले, कान ताठ झाले, अंगाला बारीक कंप सुटला आणि नाकाशी धरलेले चिकन त्याला दिसेनासे झाले, तर उत्तर मिळाले असे समजावे. एका पारखेवर विसंबू नये; वेगवेगळ्या दिवशी, आणि मांजर पळत असतानाही पाहावे, कारण बसलेले मांजर आणि पळणारे मांजर या त्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत.

वर्णन लिहिताना

झिपरीच्या बाबतीत माझी चूक इथेच झाली. तिने मांजराकडे दोनदा दुर्लक्ष केले आणि तिसऱ्यांदा दोरी ताणली, तेव्हा मी वर्णनात ‘मांजर असल्यास थोडी सावधगिरी बाळगावी’ असे मवाळ वाक्य लिहिले. तिला नेणाऱ्या घरात एक वयस्क मांजर होते. त्या कुटुंबाने अत्यंत प्रेमाने प्रयत्न केला, परंतु तीन आठवडे त्यांचे प्रत्येक दार बंद राहिले, मांजराने माळ्यावरून उतरणे सोडले, आणि अखेर त्यांना जड मनाने झिपरी परत आणून द्यावी लागली. कोणाला इजा झाली नाही, पण नव्या माणसांची सवय होऊ लागलेल्या कुत्रीला पुन्हा गाडीत बसवणे हा तिच्यावर अन्याय होता, आणि तो माझ्या लेखणीने केला होता. त्यानंतर वाक्य बदलले: ‘मांजर असलेल्या घरात देता येणार नाही.’

वर्णनाच्या पहिल्याच ओळीत नसबंदी झाल्याचे लिहावे आणि ‘कारवान’, ‘मुधोळ’, ‘शुद्ध’ हे शब्द टाळून ‘शिकारी कुत्र्याचा संकर’ एवढेच म्हणावे. मुधोळ हे नाव फार आकर्षक आहे. बागलकोट जिल्ह्यातील त्या संस्थानाच्या घोरपड्यांनी हे कुत्रे नावारूपाला आणले, २००५ साली ते टपाल तिकिटावरही आले, आणि तेव्हापासून या नावामागे हौशी लोकांची रांग लागते. या रांगेतील बऱ्याच जणांना कुत्रे नव्हे, पैदास हवी असते. नसबंदीची ओळ वाचून ते आपोआप गळतात. छायाचित्रांबाबतही माझा असाच आग्रह आहे. धावतानाचे चित्र मोहक दिसते, पण ते नेमके चुकीच्या माणसाला बोलावते. गादीवर चारही पाय वर करून झोपलेले, दारात उन्हाच्या पट्ट्यात बसलेले, दोरीवर शांत चालणारे असे चित्र द्यावे, कारण हे कुत्रे दिवसाचे सोळा-सतरा तास असेच घालवते आणि घेणाऱ्याला तेच जगणे वाटून घ्यायचे आहे. ते नेमके कुठे ठेवले आहे, तो पत्ता मात्र उघड करू नये.

दोष लपवू नयेत, पण त्यांची उपाययोजना लगेच पुढे लिहावी. ‘ओट्यावरचे अन्न पळवते’ हे लिहिल्यावर ‘म्हणून भांडी कपाटात ठेवावी लागतात’ हेही लिहावे. उंच पायांमुळे स्वयंपाकघराचा ओटा त्याला ताटासारखाच असतो. ‘विजेच्या गडगडाटाला घाबरते’ असे असेल तर ते पावसाळ्यात कुठे लपते आणि त्याला काय केल्यावर बरे वाटते, हे सांगावे.

फोन कोणाचा आहे

या कुत्र्यांच्या बाबतीत सर्वांत आधी आणि सर्वांत उत्साहाने येणारा फोन बहुधा शिकारीसाठी विचारणाऱ्याचा असतो. तो थेट तसे म्हणत नाही. ‘शेत राखायला पाहिजे’, ‘डुकरं फार झाली जी’, ‘पळते किती, जबडा कसा आहे’ असे विचारतो आणि कुत्र्याला कशाची भीती वाटते, ते काय खाते, याची चौकशी करत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ससा किंवा हरीण यांची शिकार गुन्हा आहे, कुत्रा सोडून केली तरीही. हे त्या व्यक्तीला वाद न घालता सांगावे आणि विषय संपवावा. शेत राखण्याची गरज खरी असू शकते, विदर्भात रानडुकरांनी होणारे नुकसान मी नाकारत नाही. परंतु बारीक कातडीचे, एकट्याने झुंजायला अयोग्य असे हे कुत्रे त्या कामात मरते. शिवाय काटोल-नरखेडच्या बागांभोवती काटेरी तार असते, आणि काही ठिकाणी तिच्यात बेकायदा वीजप्रवाहही सोडलेला असतो. अंधारात पूर्ण वेगाने धावणाऱ्या कुत्र्याला ती तार दिसत नाही.

यावरून माझे एक मत बनले आहे, जे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते: या कुत्र्याला फार्महाउसपेक्षा सदनिका पुष्कळदा बरी. लोकांना वाटते की धावणाऱ्या जनावराला पाच एकर हवेत. त्याला खरे तर मऊ गादी, दिवसातून दोनदा दोरीवर चांगला फेरफटका, आठवड्यातून दोन-तीन वेळा पूर्ण बंदिस्त जागेत काही मिनिटांची मोकळी धाव आणि उरलेला वेळ माणसांची सोबत हवी असते. सोसायटीत कुत्रे चालणार नाही असे कोणी म्हटले, तर रहिवासी संघटनेला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, ही भारतीय पशुकल्याण मंडळाची भूमिका दाखवता येते. तरीही शेजाऱ्यांशी आधी बोलून घेणारे कुटुंब मी नेहमी पसंत करते. भाड्याने राहणाऱ्यांना केवळ त्या कारणाने नाकारू नये, मात्र घरमालकाची संमती लेखी असावी.

फोनवर काही प्रश्न विचारल्याशिवाय भेट ठरवू नये. दिवसभर घरी कोण असते, दोरी कोणाच्या हातात असेल, याआधी कुत्रे होते का आणि ते कशाने गेले, दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेल्यास त्याला कोण पाहील, घरात किंवा शेजारी मांजर-कोंबड्या आहेत का, हे तर विचारावेच. त्याशिवाय मी एक प्रश्न नेहमी विचारते: ‘हे कुत्रे आयुष्यभर रस्त्यावर दोरीशिवाय सोडता येणार नाही, हे तुम्हाला चालेल का?’ यावर ‘आम्ही शिकवू, आमचं ऐकेल’ असे उत्तर आले तर मी अधिक समजावते. दुसऱ्यांदाही तेच आले तर नम्रपणे नकार देते. ‘मग बंद मैदान कुठे मिळेल?’ असे विचारणारा माणूस मात्र योग्य मार्गावर असतो. झिपरीच्या दुसऱ्या वेळी, मांजराचे स्पष्ट वाक्य लिहिल्यानंतर, फोन अगदी कमी झाले आणि चार महिने थांबावे लागले. त्या काळात धीर सुटू न देणे हेच काम असते.

घर पाहायला जाताना

घरभेट वगळू नये, ओळखीतले घर असले तरीही. शक्यतो संध्याकाळी, सर्व माणसे घरात असताना जावे, आणि पहिल्या भेटीत कुत्रे नेऊ नये. घरातील एखादी व्यक्ती गप्प असेल तर तिच्याशी वेगळे बोलावे, कारण कुत्रे परत येते ते बहुतेक वेळा या न विचारलेल्या माणसामुळे. कंपाउंडची भिंत मोजावी: निरोगी कारवानी संकर पाच फूट सहज ओलांडतो, सहा फूटही पुरेसे कारण मिळाल्यास. फाटकाखालची फट, बाल्कनीच्या गजांतील अंतर आणि शाळेतून येणारी मुले फाटक लावतात की नाही, हे पाहावे. नागपुरात गच्चीकडे विशेष लक्ष द्यावे. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स, अंबाझरी या भागांत वानरांच्या टोळ्या घरांच्या गच्च्यांवरून उड्या मारत जातात, आणि वानराच्या मागे धावणारे कुत्रे कठड्याशी थांबेलच असे नाही. कठडा छातीएवढा नसेल तर गच्चीचे दार कायम बंद राहील, असे ठरवून घ्यावे.

उन्हाळ्याची व्यवस्था विचारावी. नवतपात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा फेरफटका पहाटे साडेपाचला आणि रात्री आठनंतरच शक्य असतो. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून पाहावी, आपल्याला चटका बसला तर कुत्र्यालाही बसेल. कुत्र्यासाठी कूलरसमोर जागा असावी, पण वायर त्याच्या तोंडाच्या टप्प्यात नसावी. डिसेंबर-जानेवारीत उलट अडचण येते. चरबी नसलेल्या या कुत्र्याला तापमान दहा अंशांखाली गेल्यावर अंगावर कपडा लागतो. फरशीवर झोपल्यास कोपरांना घट्टे पडतात, म्हणून जाड गादी हवी. जेवण दोन वेळांत विभागून द्यावे आणि धावल्यानंतर लगेच देऊ नये, कारण खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळवटण्याचा धोका असतो.

गळपट्ट्याची गोष्ट घरभेटीतच प्रत्यक्ष दाखवावी. या कुत्र्यांची मान डोक्याइतकीच, कधी डोक्यापेक्षाही रुंद असते, त्यामुळे बाजारातला नेहमीचा पट्टा मागे ओढताच कानांवरून निसटतो. रुंद, मऊ आणि ओढल्यावर मर्यादेतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्यावा आणि पहिले काही आठवडे त्याच्या जोडीला छातीचा हार्नेस लावून दोन्हींना दोरी जोडावी. आपोआप लांब होणारी दोरी मुळीच वापरू नये. कुत्रे पंधरा फूट धावून वेगात असताना ती संपली की मानेला जबर हिसका बसतो. मी कुत्र्याचे पैसे घेत नाही, पण पट्टा, हार्नेस आणि गादी या तीन वस्तू नव्या पालकांनी स्वतः जाऊन आणाव्यात, असा आग्रह धरते.

सर्व पसंत पडल्यावर दोन पानांचा करार करावा. त्यात ओळखपत्राची प्रत, पत्ता, महापालिकेकडे नोंदणी करण्याची जबाबदारी, शिकार व पैदास यांना स्पष्ट मनाई, दिवसभर साखळीला बांधून न ठेवण्याची अट, आणि काहीही झाले तरी कुत्रे तिसऱ्याला न देता आपल्याकडेच परत करण्याचे कलम असावे. मायक्रोचिप असल्यास नोंद नव्या नावावर करून घ्यावी. पहिला महिना चाचणीचा धरावा.

सोपवण्याचा दिवस निवडताना दिवाळीचा आठवडा, मारबतीच्या मिरवणुकांची धामधूम आणि मे महिना टाळावा. स्वतः घेऊन जावे, आधी दोरीवर गल्लीत वीस मिनिटे फिरवावे आणि मग घरात शिरावे. जुनी गोधडी न धुता सोबत द्यावी, कारण त्या वासात त्याला झोप लागते. नव्या कुटुंबाला सांगावे की पहिले तीन दिवस ते कदाचित नीट जेवणार नाही आणि कोपऱ्यात बसेल, तीन आठवड्यांत घराचे वेळापत्रक ओळखेल आणि खरे बस्तान बसायला तीन महिने लागतील. तोवर पाहुण्यांना बोलावू नये. मुलांना एक नियम पक्का शिकवावा: झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, आधी नावाने हाक मारायची. ही कुत्री कधी कधी डोळे अर्धवट उघडे ठेवून गाढ झोपतात आणि अचानक स्पर्श झाल्यास दचकून गुरगुरतात. जर ते सुटलेच, तर मागे धावू नये, हाका मारणारी गर्दी करू नये. सुटले त्या जागी त्याची गोधडी आणि पाणी ठेवून एका ओळखीच्या माणसाने जमिनीवर शांत बसावे आणि आपल्याला त्याच तासात कळवावे.

चौकशीचे फोन तिसऱ्या दिवशी, पंधराव्या दिवशी, महिन्याने आणि नंतर दरवर्षी लसीच्या तारखेला करावेत. ‘सगळं ठीक आहे’ या उत्तरावर न थांबता ते कुठे झोपते, काल काय खाल्ले, कोणाच्या मागे-मागे फिरते, असे विचारल्यास अडचण लवकर समजते. झिपरी आता त्रिमूर्ती नगरातील एका निवृत्त दांपत्याकडे पहिल्या मजल्यावर राहते. तिसऱ्या दिवशीच्या फोनवर काकू म्हणाल्या की ती जेवत नाही, फक्त काकांच्या खुर्चीमागे बसते. मी त्यांना ताट त्या खुर्चीमागेच ठेवायला सांगितले, आणि रात्री पुन्हा फोन आला तेव्हा ताट रिकामे झाले होते.